जुनी गाडी विकताना : डिचोली (गोवा), जून ते नोव्हेंबर 2025

आमची पांढरी स्विफ्ट विकली गेली. पैसे 11 ऑक्टोबरलाच मिळाले होते, पण हे लिहायला मी 4 नोव्हेंबर उजाडेपर्यंत थांबले. त्या दिवशी आरसीवरचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीवरचं, माझं नाव उतरलं. का थांबले ते पुढे येईलच. जूनमध्ये या कामाला लागले तेव्हा विचारायला कुणी नव्हतं. शाळेतल्या सहकाऱ्यांनी जुन्या गाड्या शोरूमलाच देऊन नव्या घेतलेल्या. नवरा वेर्ण्याला कारखान्यात, सकाळी सहाला कंपनीच्या बसने जातो तो रात्री आठला येतो. त्यामुळे मेस्त्री (गाडीचा मेकॅनिक), बँक, आरटीओ, गिऱ्हाईकं सगळं मीच निस्तरलं. तुमच्यापैकी कुणी याच वाटेवर असेल तर निदान अंदाज यावा, म्हणून तारखांसकट लिहिते.

गाडी घेतली 2016 च्या दसऱ्याला. पेट्रोल, व्हीएक्सआय, ऑन रोड 6 लाख 20 हजार. डिचोली ते म्हापसा, अस्नोड्यावरून, रोज जाऊन येऊन. नऊ वर्षांत 71 हजार किलोमीटर झाले. गाडीची काहीच तक्रार नव्हती, तक्रार माझ्या डाव्या गुडघ्याची होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की क्लच दाबणं कमी करा. म्हणजे ऑटोमॅटिक गाडी घेणं आलं आणि त्याआधी ही विकणं आलं.

मनात एक आकडा धरला होता, 4 लाख. तो कुठून आला हे आज विचारलंत तर सांगता येणार नाही. शेजारच्यांनी कुणाच्या तरी गाडीला मिळाल्याचं सांगितलं होतं, एवढाच आधार. म्हणून पहिल्यांदा विम्याची पॉलिसी काढून बसले. पॉलिसीवर आयडीव्ही असते, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर विमा कंपनी जी रक्कम धरते ती. तिचा तक्ता ठरलेला आहे. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या विक्री किमतीतून सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के घट, वर्षाच्या आत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40, पाचपर्यंत 50. पाच वर्षांनंतर तक्ता संपतो, पुढची रक्कम विमा कंपनी आणि आपण मिळून ठरवायची. आणि हे सगळं गाडीच्या किमतीवर. रस्ता कर, पहिला विमा, सीट कव्हर, फूट मॅट यांवर घातलेले पैसे या हिशेबात धरतच नाहीत. मी मात्र सहा लाख वीस हजारांतून वजाबाकी करत होते, तिथेच चुकत होते.

बाजाराचा हिशेब आणखी वेगळा. तिथे पहिल्या तीन-चार वर्षांत किंमत झपाट्याने उतरते, मग उतार सौम्य होतो आणि पंधराव्या वर्षाजवळ पुन्हा एक पायरी येते. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते आणि एप्रिल 2022 मध्ये कारसाठी त्याची फी 600 वरून 5,000 झाली. माझ्या आरसीवर ऑक्टोबर 2031 होतं. प्रत्येक गिऱ्हाईकाने पहिली नजर त्या तारखेवर टाकली आणि दुसरी बनावटीच्या महिन्यावर. माझी गाडी जुलै 2016 ची, नोंदणीही त्याच वर्षाची, म्हणून वाद झाला नाही. पण डिसेंबरात बनलेली आणि जानेवारीत नोंदलेली गाडी विकताना एक अख्खं वर्ष हातचं जातं, कारण घेणारा बनावटीचं वर्ष धरतो. नवीन गाडी घेतानाच हा महिना विचारून घ्या.

14 जूनला, शनिवारी, गाडी आमच्या नेहमीच्या मेस्त्रीकडे नेली. इंजिन ऐकून तो खूश झाला. मग म्हणाला, "बाई, गाडी बरी आसा, पूण तळ पळोवंक जाय." म्हणजे गाडी चांगली आहे, पण तळ बघायला हवा. गाडी वर चढवली. चाकांच्या कमानीत नऊ पावसाळ्यांचा तांबडा चिखल घट्ट बसला होता. स्क्रू ड्रायव्हरने एक ढेकूळ पाडलं तर आतला पत्रा ओलाच. मग त्याने ड्रायव्हरच्या दाराच्या खालच्या कडेला बोट फिरवलं. तिथे पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, हे मला नऊ वर्षांत ठाऊक नव्हतं. चिखलाने ती बुजली होती. त्याने तारेचा तुकडा आत घातला, फिरवला, आणि चहाच्या रंगाचं पाणी धार लागून बाहेर आलं. दाराच्या पोटात ते कधीपासून साचलं होतं कुणास ठाऊक. कडेचा पत्रा दोन ठिकाणी फुगला होता, रंगाखाली गंज. मला फार वाईट वाटलं. दर रविवारी गाडी धूत होते, ती फक्त वरून.

मेस्त्रीने धीर दिला. किनाऱ्याजवळ रोज उभी राहणारी गाडी असती तर खाऱ्या हवेने एव्हाना पत्र्याला आरपार भोकं पडली असती, डिचोलीत आपण त्या मानाने सुखी, असं म्हणाला. गंज घासून, तिथे औषध लावून, रंगाचा हात द्यायला 4,500 घेतले. टायर बदलू का विचारलं तर नको म्हणाला. टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या दोन टायरांवर शेवटी 18 होतं, म्हणजे सात वर्षांचे. पण विकण्यासाठी म्हणून अठरा-वीस हजारांचे टायर घातले तर त्यातले निम्मेही परत येत नाहीत, गिऱ्हाईकाला खरं सांगायचं आणि किमतीत धरायचं, हा त्याचा सल्ला. तो बरोबर निघाला. आतून सफाई 1,500, पिवळे पडलेले पुढचे दिवे घासून घ्यायला 600, पीयूसी नवीन. याहून जास्त खर्च केला नाही. दुसरी चावी घरभर शोधली, ती देवघराच्या खणात सापडली. शोधाच, कारण एकच चावी असली की घेणाऱ्याच्या मनात शंका येते आणि दोन-तीन हजार तिथेच कापले जातात.

कागद काढले तेव्हा खरी अडचण कळली. कर्ज ऑक्टोबर 2021 मध्ये फिटलं होतं. बँकेचं ना हरकत पत्रही आलं होतं, मी ते फाइलमध्ये नीट लावून ठेवलं होतं आणि काम झालं असं समजले होते. परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर घातला तर बँकेचं नाव आरसीवर जसंच्या तसं. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र घेऊन तो आपणच उतरवून घ्यावा लागतो. आणि त्या पत्राची मुदत तीन महिन्यांची असते. माझं पत्र नोव्हेंबर 2021 चं.

3 जुलैला बँकेत गेले. कोणती बँक ते लिहीत नाही. खिडकीवरच्या मुलीने सांगितलं की फिटलेल्या कर्जाची फाइल इथे नसते, वरच्या कार्यालयात अर्ज जाईल. आठवड्याने गेले तर अर्ज पुढे गेलाच नव्हता. पुन्हा लिहून दिला, या वेळी पोच घेतली. 24 जुलैला नवीन पत्र आणि सही-शिक्क्याच्या फॉर्म 35 च्या दोन प्रती मिळाल्या. शुल्क 590 रुपये. तीन वेळा अर्धी रजा टाकली. पुढचं काम त्या मानाने सुरळीत झालं. पोर्टलवर अर्ज, आधारचा ओटीपी, फी, वेळ घेऊन डिचोलीच्या आरटीओत कागद दाखवले आणि 6 ऑगस्टला बोजा उतरला. तुमचं वाहनकर्ज फिटलं असेल तर आजच पोर्टलवर बघा. विकायच्या वेळी नव्हे, आज.

त्याच बैठकीत ई-चलन तपासलं. पणजीच्या वाटेवरच्या एका सिग्नलचं 500 चं चलन निघालं, मेसेज जुन्या मोबाइल नंबरवर गेला असणार. ते भरलं. चलन बाकी असलं की हस्तांतर अडकतं.

आता किंमत. शोरूमवाल्यांनी एक्स्चेंजमध्ये 2 लाख 60 हजार आणि वर 20 हजार बोनस सांगितला. ऑनलाइन गाड्या घेणाऱ्या एका कंपनीने फोटो बघून 3 लाख 40 हजारांचा आकडा दाखवला. माणूस घरी आला, दीड तास तपासणी केली, रंगाची जाडी मोजायचं यंत्र प्रत्येक पत्र्यावर लावलं आणि संध्याकाळी आकडा 2 लाख 85 हजारांवर आला. हा आकडा फक्त दोन दिवस, असंही सांगितलं. या घाईला बळी पडू नका. पर्वरीच्या हायवेवरच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडेही गेले. तो 2 लाख 90 हजारांवर थांबला, पण त्याने समोर कागद घेऊन हिशेब मांडला. गाडी विकली जाईल 3 लाख 60 च्या आसपास. त्यातून टायर, रंग, किरकोळ दुरुस्ती, सहा महिन्यांची हमी, जागेचं भाडं, दोन-तीन महिने अडकलेला पैसा. शिवाय जानेवारी 2025 पासून व्यापाऱ्याच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर 18 टक्के जीएसटी. आपण घरगुती माणसं एकमेकांना गाडी विकतो तेव्हा हा कर लागत नाही, व्यापाऱ्याला लागतो. त्याचा हिशेब ऐकल्यावर राग गेला. तो घेतो तो पैसा कामाचा घेतो. प्रश्न एवढाच होता की ते काम मी स्वतः करायला तयार आहे का. मी ठरवलं, करते.

जाहिरात टाकली. नऊ वर्षांची सर्व्हिसची बिलं तारखेप्रमाणे लावली, त्यांचा फोटो घातला. 2019 मध्ये मागचा बंपर बदलला होता, विम्याचा दावा घेतला होता, तेही लिहिलं आणि गंजाचंही लिहिलं. एका भावाने सांगितलं की एवढं खरं लिहिलंस तर कुणी फिरकणार नाही. उलट झालं. येणारा माणूस आधीच अर्धा विश्वास ठेवून येत होता.

10 ऑगस्टला, रविवारी, पेडण्याकडचा एक तरुण आला. गाडी चालवली, मेस्त्रीला फोनवर घेतलं आणि 3 लाख 85 हजारांना सौदा ठरला. 10 हजार टोकन दिलं. चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, गाडी नेतो म्हणाला. त्या रात्री मी नव्या गाडीचे हप्तेसुद्धा मांडून बघितले.

15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी दिवाळीपर्यंत जीएसटी कमी करण्याचं सांगितलं. दोन-तीन दिवसांत बातम्या आल्या की लहान गाड्यांवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर येणार. 19 तारखेला त्या मुलाचा फोन आला. आवाज पडलेला. "बाई, घरचे म्हणतात थांब. नवीनच स्वस्त होतेय तर जुनीला एवढे का?" मला बोलता आलं नाही. त्याचं चुकत नव्हतं. टोकन घेताना आम्ही काहीच लिहून ठेवलं नव्हतं, अमुक तारखेपर्यंत व्यवहार झाला नाही तर काय, हेही नाही. मी दहा हजार परत केले. ते योग्यच होतं असं मला आजही वाटतं, पण टोकन घेताना चार ओळी लिहा, दोघांच्या सह्या घ्या, मुदत घाला.

जुन्या गाडीची किंमत तिच्या वयाने आणि किलोमीटरने ठरते असं आपण धरून चालतो. पण ती नव्या गाडीच्या किमतीला दोरीने बांधलेली असते. नवी सत्तर हजारांनी खाली आली की जुनीही ओढली जाते, तिचा एक स्क्रूसुद्धा ढिला झालेला नसताना. 3 सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय झाला आणि 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर 18 टक्के लागू झाले. त्या तीन आठवड्यांत मला एकही फोन आला नाही.

मधे चवथ झाली. गाडी गेली असेल असं धरून मी दिराला गणपती आणायला त्याची गाडी घेऊन ये म्हणून सांगितलं होतं. ती गरज उरली नाही. 26 ऑगस्टला माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांच्या मंडपीचं) सामान, कांगलां, घागऱ्यो, सुपारीचे शिपटे, सगळं याच गाडीच्या डिकीत भरून आणलं आणि त्याच संध्याकाळी चित्रशाळेतून गणपतीही तिच्याच मागच्या सीटवर बसून आला, मी मूर्तीला हात धरून शेजारी. चिकणमातीचा ओला वास दोन दिवस गाडीत होता. विकणं लांबल्याचं दुःख त्या दिवशी मला झालं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी फोन सुरू झाले ते तीन लाख, तीन लाख दहा असे. मीही आकडा खाली आणला. आम्ही बघून ठेवलेली नवी गाडी ऑन रोड साधारण 75 हजारांनी उतरली होती. जुन्यात गेलं ते नव्यात भरून येत होतं. तुम्ही विकून नवी घेणार असाल तर या दोन्ही किमती एकत्रच बघायला हव्यात. फक्त विकणाऱ्याचं मात्र नुकसानच झालं.

28 सप्टेंबरला एक गृहस्थ आले. किनाऱ्याकडचे. गाडी नीट बघितलीही नाही आणि 3 लाख 70 हजार रोख देतो म्हणाले, आताच्या आता. अट एकच. "ट्रान्सफरची घाई नको. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून ठेवा, मी सवडीने करून घेतो." हे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म. नवरा घरी होता, त्याने माझ्याकडे बघितलं. इतर सगळ्यांपेक्षा साठ हजार जास्त होते. मी विचारलं, गाडी कशाला हवी? ते हसले, "पर्यटकांना लागतात ना बाई." तेव्हा सगळं लक्षात आलं.

गोव्यात हे सगळ्यांना माहीत आहे. भाड्याने स्वतः चालवायला द्यायच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं लागतात, तिचा परवाना वेगळा, विमा वेगळा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदेशीर आहे, तरी दिली जाते. अशा गाडीने कुणाला उडवलं तर पोलीस, विमा कंपनी आणि न्यायाधिकरण आरसीवरचं नाव बघतात. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हेच सांगितलं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्याच्याच नावावर होती, म्हणून भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावर आली. पैसे घेतले, चावी दिली, सही करून दिली, एवढ्याने कायद्यात आपण मोकळे होत नाही. त्यात रोख दोन लाख किंवा जास्त घेणंही आयकर कायद्यात बसत नाही.

मी नाही म्हटलं. ते गेल्यावर माझे हात थरथरत होते, कारण साठ हजार आमच्या घरात लहान रक्कम नाही. पण कुठल्या तरी किनाऱ्यावर कुणाचं तरी लेकरू त्या गाडीखाली आलं असतं तर तो कागद माझ्या नावाचा असता. सही केलेला, तारीख न घातलेला फॉर्म 29 किंवा 30 कुणालाही देऊ नका. दलाल गोड बोलून मागतात. देऊ नका.

5 ऑक्टोबरला साखळीहून बापलेक आले. मुलगी परिचारिका, नुकतीच नोकरीत कायम झालेली, रात्रपाळीला स्कूटरवरून जायला घरचे घाबरतात म्हणून गाडी हवी होती. वडील साठीपलीकडचे. त्यांनी बोनेट उघडायच्या आधी वाकून तळ बघितला, दाराखालची भोकं बोटाने चाचपली, आणि मला म्हणाले, "बाई, हे कुणी साफ करून दिलं?" मी मेस्त्रीचं नाव सांगितलं. मग त्यांनी सांगितलं की ते खाणीवर टिप्पर चालवत. आधी दुसऱ्याचा, मग कर्ज काढून स्वतःचा. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या तेव्हा ट्रक चार वर्षांचा होता, चांगला धावणारा. विकायला काढला तर घेणार कोण? सगळ्यांचेच ट्रक रस्त्याकडेला उभे. पुढे खाणी थोड्या चालल्या, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. शेवटी तो ट्रक भंगारात गेला. हे सांगताना त्यांचा हात माझ्या गाडीच्या टपावर होता. "गाडीला काम असेल तोवर तिला मोल," एवढंच म्हणाले आणि मुलीला चावी द्यायला सांगितली.

त्यांनी 3 लाख 20 हजार सांगितले. मी 3 लाख 50. टायरांचे पैसे मी मान्य केले, त्यांनी सर्व्हिसची बिलं मान्य केली, 3 लाख 35 हजारांवर हात मिळवला. 25 हजार टोकन, या वेळी लेखी. मी एकच अट घातली. नाव बदलायचा अर्ज आठ दिवसांच्या आत आणि दोघींनी मिळून. काका म्हणाले, तशीच पाहिजे.

11 ऑक्टोबरला उरलेले 3 लाख 10 हजार आले. दुसरा शनिवार, बँक बंद, पण आरटीजीएस चोवीस तास चालते. रक्कम खात्यात दिसल्यावर सह्या केल्या. नोटरीकडे विक्रीकरार आणि एक वेगळी ताबा पावती, तिच्यावर तारीख, वेळ, किलोमीटर आणि 'यापुढची जबाबदारी घेणाऱ्याची' हे वाक्य. वेळ घालायला विसरू नका. सकाळी विकलेल्या गाडीचं दुपारी चलन येऊ शकतं. फास्टॅग त्याच दिवशी बंद करून काचेवरून काढला, नाहीतर गाडी टोलनाक्यावरून गेली की पैसे आपल्या खात्यातून जातात. डॅशबोर्डवरचं दसऱ्याचं कुंकवाचं स्वस्तिक मी पुसायला घेतलं तर ती मुलगी म्हणाली, "राहू दे मॅडम."

14 तारखेला आम्ही तिघं डिचोलीच्या आरटीओत. पोर्टलवर अर्ज आदल्या रात्री भरला होता, आम्हा दोघींच्या आधारचे ओटीपी घालून. फॉर्म 29 च्या दोन प्रती, फॉर्म 30, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, तिचा पत्त्याचा पुरावा, दोघींचे पॅन, फोटो आणि चेसिस नंबरचा ठसा. हा ठसा काकांनीच घेतला. नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली, एक एक अक्षर उमटत गेलं. फी तिने भरली. माझ्या सहीवर काम अडलं. 2016 मध्ये मी इंग्रजीत सही करत असे, आता सगळीकडे मराठीत करते. जुन्या नोंदीशी जुळेना. फॉर्म नव्याने भरून, आठवून आठवून जुनी सही केली, सोबत ओळखपत्राची प्रत जोडली. घरून निघतानाच जुन्या कागदावरची आपली सही बघून जा. कायद्याप्रमाणे एकाच राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत कळवायचं असतं. आमचं तीन दिवसांत झालं. फॉर्म 29 च्या एका प्रतीवर पोच घेऊन ती मी घरी आणली.

मग दिवाळी, सुट्ट्या आणि वाट बघणं. गाडी त्यांच्या दारात, नाव माझं. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री, नरकासुराच्या पुतळ्यांमुळे, रस्त्यांवर गर्दी असते, मला झोप लागेना. साखळीला फोन करून विचारावंसं वाटत होतं, केला नाही. रोज सकाळी पोर्टलवर नंबर घालून बघत होते. शाळेला कदंबच्या बसने जात होते, अस्नोड्याला बस थांबली की तेवढ्यात पुन्हा एकदा बघायचं. 4 नोव्हेंबरला, मंगळवारी, सात वाजून वीस मिनिटांनी मालकाच्या रकान्यात दुसऱ्या नावाची आद्याक्षरं दिसली. पुढे क्रमांक 2. तो स्क्रीन मी जतन केला आणि तिला पाठवला. तिचं उत्तर आलं की बाबांनी तळाला कोटिंग करून घेतलंय, चाकांच्या कमानींसकट.

हिशेब असा झाला. 6 लाख 20 मधून 3 लाख 35 गेले, राहिले 2 लाख 85 हजार. नऊ वर्षांवर वाटले तर महिन्याला साधारण 2,640, किलोमीटरला चार रुपये. पेट्रोल, विमा, सर्व्हिस वेगळे. विकण्याच्या खटपटीत मेस्त्री, सफाई, बँक, चलन, पीयूसी, नोटरी मिळून आठ हजारांच्या आसपास गेले. पर्वरीच्या व्यापाऱ्याच्या आकड्यापेक्षा 45 हजार जास्त मिळाले, तेवढ्यासाठी पाच महिने दिले. ज्याला वेळ नाही त्याने व्यापाऱ्याला दिली तर त्यात काही चूक नाही, फक्त नाव बदलल्याचा पुरावा त्याच्याकडूनही घ्यावा.

एक काम राहिलं होतं. विम्यातला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. 2019 नंतर दावा नसल्याने माझा 50 टक्क्यांवर पोचला होता. घेणाऱ्याला पॉलिसी तिच्या नावावर करून घ्यावी लागते, त्यासाठी 14 दिवसांत अर्ज केलेला बरा. तोवर तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा भाग आपोआप तिच्याकडे जातो, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जात नाही. तो अर्ज तिने 16 ऑक्टोबरलाच केला, मी सोबत गेले होते, आणि बोनसचा फरकही तिने भरला. मी माझा बोनस राखून ठेवण्याचं पत्र मागितलं. ताबा पावती आणि फॉर्म 29 ची पोच दिली. पत्र 7 नोव्हेंबरला आलं. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या विम्यात माझे जवळपास 8 हजार वाचणार आहेत. या वेळी फाइलवर बाहेरून मोठ्या अक्षरांत मुदत लिहून ठेवलीय.